बदलीच्या रांगेत उभी केलेली पदवी



आपल्या पोरांत एक नवं खूळ शिरलंय. पदवी अडवून धरायची. शेवटच्या सेमिस्टरचा एक विषय मुद्दाम ठेवायचा. फॉर्मच भरायचा नाही, नाहीतर पेपरला जाऊन अर्ध्या तासात उठून यायचं. विचारलं तर सांगतात, "लॉ करायचंय. आत्ता डिग्री घेतली तर हे टक्के कायमचे चिकटतील. वर्षभर थांबतो, मार्क वाढवतो, चांगल्या कॉलेजात ट्रान्सफर घेतो, मग तिथून मोठ्या लॉ स्कूलला जातो."

ऐकायला झकास. आणि वकील व्हायचं म्हणणारं पोरगं दिसलं की मला बरंच वाटतं. वस्तीत वकील नाही म्हणून आपली किती माणसं पोलीस चौकीच्या बाकड्यावर रात्र काढतात ते मला कुणी सांगायला नको. अ‍ॅट्रॉसिटीची केस उभी राहते तेव्हा फिर्यादी आपला, साक्षीदार आपले, मार खाल्लेली पाठ आपली, आणि कागद हातात घेणारा मात्र असा कुणीतरी, की ज्याला आपल्या वस्तीचं नाव दोनदा विचारावं लागतं. तेव्हा लॉ कराच. माझं भांडण आहे ते या थांबण्याशी. हे थांबणं तुम्हाला कुणी शिकवलं, कुणाच्या फायद्याचं आहे, आणि ते तुम्हाला कुठे नेऊन सोडणार आहे, हे एकदा तपासून घ्या.

ट्रान्सफरला मराठीत बदली म्हणतात. आमच्या सूतगिरणीत बदलीचा अर्थ वेगळा. पाळी लागायच्या आधी जो गेटवर येऊन उभा राहतो तो बदली. कायम कामगार आला नाही तर याला आत घेतात. आला तर हा भरलेला डबा घेऊन घरी. बदलीवर दहा-दहा वर्षं काढलेली माणसं मी बघतो. पदवी अडवून धरलेली पोरं मला या रांगेतली वाटतात. फरक इतकाच की बदलीवाल्याला गेट कुठल्या बाजूला आहे ते ठाऊक असतं.

तर आधी गेट कुठे आहे ते बघू.

हा सल्ला अमेरिकेतला आहे. तिथे कायद्याचं शिक्षण आधी एक पदवी घेतल्यावर सुरू होतं. तीन वर्षांचं, जेडी म्हणतात त्याला. प्रवेशासाठी परीक्षा असते, पण पदवीच्या गुणांनाही भारी वजन असतं. हे गुण मोजून देणारी एक संस्था आहे, लॉ स्कूल ॲडमिशन कौन्सिल. तिचा नियम असा की पहिली पदवी हातात पडेपर्यंत कॉलेजात मिळवलेले सगळे गुण सरासरीत धरायचे. पदवी झाल्यावर कितीही शिकलात तरी ते गुण त्या सरासरीत येत नाहीत. म्हणजे पदवी मिळाली की आकडा गोठला. म्हणून तिथलं पोरगं म्हणतं, थांबतो, आणखी चार विषय घेतो, त्यात वरचे गुण काढतो, सरासरी चढवतो, मग पदवी घेतो. ट्रान्सफरही तिथे रोजची. दोन वर्षं स्वस्तातल्या कम्युनिटी कॉलेजात काढायची आणि तिसऱ्या वर्षी मोठ्या विद्यापीठात जायचं, हा तिथल्या गरिबाचा मळलेला रस्ता. लॉ स्कूलमध्येसुद्धा पहिलं वर्ष चांगलं गेलं तर दुसऱ्या वर्षाला वरच्या कॉलेजात अर्ज करता येतो. तिथेही जादा सत्राची फी लागते, डोक्यावर कर्ज चढतं, सगळ्यांना ते झेपत नाही. पण निदान त्यामागे हिशोब आहे. गुण वाढले तर दार उघडतं.

आता इथला हिशोब मांडा.

आपल्याकडे वकील व्हायला दोन वाटा. बारावीनंतर पाच वर्षांची, किंवा पदवीनंतर तीन वर्षांची. पाच वर्षांच्या वाटेवर राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत. बंगळुरूचं सगळ्यांत जुनं. आपल्या राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन. त्यांचा प्रवेश क्लॅट या परीक्षेवर होतो, २००८ पासून. क्लॅटला पदवीचे गुण कुणी विचारत नाही. बारावी पास लागते, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला ४० टक्के. वरची वयाची अट नाही. मग तुझ्या बीएच्या पाचव्या सेमिस्टरच्या गुणांनी तिथे काय फरक पडणार आहे? शून्य.

तीन वर्षांच्या वाटेवर राज्याची सीईटी आहे. गुणवत्ता यादी लागते ती सीईटीच्या गुणांवर. पदवीचे गुण फक्त उंबरठ्यापुरते. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमाने खुल्या वर्गाला ४५ टक्के, आपल्याला ४०. उंबरठा ओलांडला की तुझे ४१ आणि शेजारच्याचे ७१, दोघंही एकाच रांगेत. शेवटच्या वर्षाला असलेल्यालाही सीईटी देता येते, प्रवेशाच्या वेळी निकाल दाखवला की झालं. मग जो पोरगा ५२ टक्क्यांचे ५८ करायला वर्षभर पदवी अडवून बसलाय, तो नक्की कुणाला दाखवणार आहे ते ५८? (ज्याचे खरंच ४० च्या खाली अडकलेत त्याची गोष्ट वेगळी. त्याने विद्यापीठात जाऊन गुणसुधारणेचा मार्ग विचारावा, त्याला मी नावं ठेवत नाही.)

आणि बदली. इथे नीट कान द्या, कारण सगळ्यांत मोठी फसगत इथेच आहे. पोरांना वाटतं की बीएची दोन वर्षं झाली, आता ती घेऊन पाच वर्षांच्या कोर्सच्या तिसऱ्या वर्षात शिरू. शिरता येत नाही. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत तेरावा नियम आहे. जोडपदवीच्या कोर्सात मधल्या वर्षी आत येणं नाही, पदवी झालीय म्हणून सांगितलं तरी नाही. क्रेडिट बँक म्हणून २०२१ पासून एवढा गाजावाजा झाला, इथले गुण तिथे वळते होतील म्हणाले. बीएचे गुण घेऊन जोडपदवीच्या मधल्या वर्षात बसायला गेलात तर हा तेरावा नियम दारातच उभा आहे.

त्याच नियमाचं दुसरं अर्ध कुणी सांगत नाही. मधूनच बाहेर पडणंही नाही. पाच वर्षांच्या कोर्सातली तीन वर्षं झाली आणि घरी बाप आजारी पडला, पैसे संपले, पोरगं परत आलं, तर त्या तीन वर्षांची बीए तोडून हातात द्यायची नाही, असं नियम म्हणतो. म्हणजे बीए नाही, एलएलबी नाही, तीन वर्षं आणि लाखांत मोजलेली फी गेली. शिष्यवृत्ती आहे, मान्य. पण ती वेळेवर खात्यात पडत नाही हे तुम्हालाही माहीत आहे आणि मेसवाल्यालाही. ज्याच्या घरात दोन पगार आहेत त्याला ही पाच वर्षांची उडी झेपते. ज्याच्या घरात एकच पगार, तोही रोजंदारीचा, त्याने मध्ये पाय टेकायला जागा ठेवावी. तीन वर्षांची बीए, मग तीन वर्षांची एलएलबी. एक वर्ष जास्त जातं. पण अधेमधे कोसळला तर खाली बीएची फळी असते. मी पाचवाली वाट वाईट म्हणत नाही. आपली पोरं राष्ट्रीय विद्यापीठांत गेलीच पाहिजेत, तिथल्या बाकांवर आपलं नाव कोरलं गेलंच पाहिजे. शमनाद बशीर नावाचा माणूस होता, कायद्याचा प्राध्यापक, २०१९ साली गेला. त्याने २०१० साली इडिया म्हणून संस्था काढली. आडगावची, गरिबाची पोरं हुडकून त्यांची क्लॅटची तयारी करून घेणं हे तिचं काम. तो आपल्या वस्तीतला नव्हता. आपल्यातल्या किती प्राध्यापकांनी, किती साहेबांनी असं काही काढलं, मोजा एकदा बोटांवर.

ज्याला क्लॅट द्यायचीय त्याने बीएला असतानाच द्यावी. परीक्षा डिसेंबरात असते. लागला नंबर तर जा, नाही लागला तर मार्च-एप्रिलात बीएचे पेपर आहेतच. यासाठी पदवी कशाला अडवायची? पेपर फक्त इंग्रजीत असतो, ही खरी अडचण. अर्जाची फी अलीकडच्या वर्षांत आपल्याला साडेतीन हजार पडते, म्हणजे खुल्या वर्गाहून पाचशे रुपयांनी कमी. हजारो वर्षांची भरपाई पाचशे रुपये. राज्याची सीईटी मात्र मराठीतूनही देता येते. ते क्लासवाले बोलत नाहीत, कारण मराठीतल्या परीक्षेला पन्नास हजारांचा क्लास लावायला कोण जाईल?

क्लासवाल्यांचं एक सोडा, तो गल्ला आहे, त्याच्याकडून काय अपेक्षा. मला राग येतो तो आपल्यातल्या शहाण्यांचा. हे शहाणे पोरांना सांगतात, "अरे बाबासाहेबांचंही शिक्षण लांबलं होतं की. बॅरिस्टर व्हायला त्यांना किती वर्षं लागली?"

थांबा. बाबासाहेबांचं नाव घेताय तर पुरतं घ्या.

१९१३ साली ते न्यूयॉर्कला गेले, कोलंबिया विद्यापीठात. १९१५ साली एमए. १९१६ साली लंडन, तिथे स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला नाव घातलं आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी. १९१७ साली बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि करारापायी परत यावं लागलं. हे त्यांनी ठरवलेलं थांबणं नव्हतं, ते लादलेलं होतं. त्या माणसाने काय केलं? निघायच्या आधी लंडनच्या विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत यायची परवानगी मागून घेतली. म्हणजे दार बंद होऊ दिलं नाही, फटीत पाय घालून ठेवला. बडोद्यात राहायला घर मिळालं नाही, अपमान होऊन मुंबईला आले. १९१८ ते १९२० सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातला पैसा राखला, शाहू महाराजांनी हात दिला, नवल भथेना या पारशी मित्राकडून कर्ज घेतलं, आणि १९२० साली परत लंडन. १९२१ एमएस्सी. १९२२ बॅरिस्टर. १९२३ डीएस्सी. त्या डीएस्सीचा प्रबंध परीक्षकांनी फेरलिहायला सांगितला तेव्हा हा माणूस थांबून नाही राहिला. मुंबईला येऊन त्याने वकिली सुरू केली आणि प्रबंध इथून दुरुस्त करून पाठवला. कोलंबियाची पीएचडी तर १९२७ साली हातात पडली, छापील प्रती दिल्यावर. तोवर ते कोर्टात उभे राहत होते, सभा घेत होते, आणि त्याच साली महाडला चवदार तळ्यावर होते.

आता सांगा, यात पेपर सोडून उठून येणं कुठे आहे? त्यांच्या प्रत्येक उशिरामागे कुणीतरी पैसा तोडलेला आहे, आणि प्रत्येक उशिरात ते काहीतरी हातात घेऊन पुढे सरकलेत. एमए हातात, मग दुसरी. नोकरी हातात, मग तिसरी. हातातली पदवी सोडून त्यांनी एकही दिवस काढलेला नाही. आपल्या आळसाला त्यांच्या फोटोची चौकट लावू नका.

आणि हे थांबणं कुणाच्या पथ्यावर पडतं तेही बोलू. कडू आहे, पण आपल्याच पानांवर नाही बोलायचं तर कुठे?

आपल्या संघटनांना विद्यार्थी लागतो. कायम विद्यार्थी. ज्याला सकाळी कामावर जायचं नाही, ज्याला कुणी मस्टर विचारत नाही. मोर्चाला गाडी भरायची तर तो, जयंतीची वर्गणी गोळा करायची तर तो, नेत्याच्या वाढदिवसाचे बॅनर बांधायला खांबावर चढायचं तर तो. पदवी झाली तर हा पोरगा हातातून जातो. नोकरीला लागेल, कोर्टात जाईल, प्रश्न विचारेल. म्हणून त्याला हळूच सांगायचं, "घाई कशाला? डिग्रीने काय होतं? आधी चळवळ." मग तो 'विद्यार्थी नेता' होतो. तीस-बत्तीसचा विद्यार्थी नेता. विद्यापीठाच्या वसतिगृहात कुणाच्या तरी खोलीत पॅरासाईट म्हणून राहतो, आणि नव्या पोरांना सांगतो की मी लॉची तयारी करतोय.

या पोराच्या नावावर गुन्हे पडतात. १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला दंगल झाली, ३ तारखेला महाराष्ट्र बंद. बंद व्हायलाच पाहिजे होता, मी तो नाकारत नाही. पण नंतर गावोगाव गुन्हे कुणावर पडले? पोरांवर. सरकारं आंदोलनाचे गुन्हे मागे घेतो म्हणून घोषणा करतात, तरी तारखा पडतच राहतात. आता पुढचं ऐका. सप्टेंबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने विधी महाविद्यालयांना परिपत्रक काढलं. विद्यार्थ्यावर गुन्हा दाखल आहे का, शिक्षा झाली का, सुटला का, हे त्याने लिहून द्यायचं. नोकरी करतो का ते लिहून द्यायचं. दुसरी पदवी सोबत करतो का ते लिहून द्यायचं. न सांगता पुढे गेला तर गुणपत्रिका आणि पदवी अडू शकते. म्हणजे ज्या वर्षात तू पदवी अडवून नेत्याच्या मागे फिरलास, त्या वर्षात पडलेला गुन्हा उद्या लॉ कॉलेजच्या फॉर्मवर तुझ्या नावापुढे उभा राहणार. नेत्याच्या फॉर्मवर नाही. तो फॉर्मच भरत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. ज्या संघटनेच्या हाकेवर पोराच्या अंगावर गुन्हा आला, त्या संघटनेने तो निकाली निघेपर्यंत वकील द्यायचा. द्यायची ताकद नसेल तर निदान परीक्षेच्या महिन्यात त्याला हाक मारायची नाही.

दुसऱ्या बाजूला आपले म्हातारे. ते उलटं बोलतात, "लवकर डिग्री घे, लवकर चिकट कुठेतरी. शिपाई तर शिपाई." त्यांच्यावर मी चिडत नाही. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या दारात उभं राहून दिवस काढले त्यांना पगाराची तारीख म्हणजे काय ते कळतं. पण त्यांनाही सांगायला हवं की पदवीनंतर वर्षभर पोरगं खोलीत बसून सीईटीचा अभ्यास करत असेल तर ते वर्ष वाया गेलेलं नसतं. सदाशिव पेठेतलं पोरगं घरी बसलं की आई शेजारणीला म्हणते, "त्याने ड्रॉप घेतलाय." आपलं बसलं की अख्खी गल्ली म्हणते, "नापास झाला असेल." तोच पलंग, तेच पुस्तक. फरक एवढाच की त्याच्या वर्षाचे पैसे बापाने भरलेत आणि आपल्याचे कुणी भरलेले नाहीत.

पोरींचं वेगळं लिहायला हवं. पोराची पदवी लांबली तर चहाच्या टपरीवर चेष्टा होते. पोरीची लांबली तर स्थळ येतं. तिने वर्षभर थांबते म्हटलं की मामा पुण्याहून फोटो घेऊन हजर. म्हणून हा पदवी अडवायचा सल्ला पोरींच्या कानी घालणाऱ्याचं तर थोबाडच बंद केलं पाहिजे. पण अशाही पोरी मला माहीत आहेत की ज्या "एक विषय राहिलाय" एवढ्या एका वाक्यावर लग्न दोन-दोन वर्षं पुढे ढकलतात. घरच्यांना सेमिस्टर कळत नाही, त्याचा फायदा घेतात. त्या पोरींना मी एक शब्द बोलणार नाही. त्यांनी ठेवलेला विषय आणि या वीरांनी ठेवलेला विषय यांची जात वेगळी आहे. फक्त त्यांना एवढंच सांगतो, पदवी घ्या आणि त्याच महिन्यात एलएलबीला नाव घाला. आणखी तीन वर्षं तेच वाक्य चालेल, आणि शेवटी अंगावर काळा कोट येईल.

२०२४ च्या अखेरीस विद्यापीठ अनुदान आयोगानेही पदवी लांबवायची सोय मान्य केली. हवी तर दोन सत्रांपर्यंत वाढवा. हुशाराला लवकर संपवायचीही मुभा. कागदावर छान आहे. ज्याला घरचं जेवण आहे त्याच्यासाठी ती सोय. आपली शिष्यवृत्ती अभ्यासक्रमाच्या ठरलेल्या वर्षांपुरती असते, सरकारी वसतिगृहातली कॉटही तशीच. लांबवलेल्या सत्रात खायचं काय, हे आयोगाच्या कागदात शोधून बघा.

चौथ्या वर्षाचंही तेच. नव्या धोरणात ऑनर्ससाठी चौथं वर्ष आलंय. एलएलबीला तीन वर्षांची पदवी पुरते. उगाच कुणी घाबरवलं म्हणून चौथ्याला बसू नका. संशोधनात जायचं असेल त्याने खुशाल बसावं.

वर्षं मोजा ना जरा. अठराव्या वर्षी बारावी, तीन वर्षं बीए, तीन वर्षं एलएलबी, चोवीस. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की दिवाणी न्यायाधीशाच्या खालच्या पदाची परीक्षा द्यायची तर आधी तीन वर्षं वकिली केलेली हवी. म्हणजे सत्तावीस. आपल्यातला कुणी न्यायाच्या खुर्चीवर बसायचा तर लवकरात लवकर सत्तावीस. त्यात पदवी अडवून दोन वर्षं घातली की एकोणतीस. तोवर घरी धाकट्या बहिणीचं लग्न, बापाचं ऑपरेशन, आणि बँकेतल्या क्लार्कच्या जागेची जाहिरात. किती जण टिकतात त्या रांगेत?

आता आमच्या गिरणीतल्या माणसांविषयी, कारण आमच्यासाठी दार आणखी अरुंद आहे आणि त्यावर कुणी लिहीत नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा सकाळचे वर्ग ठेवले, नोकरी करणाऱ्याला शिकता यावं म्हणून. बार कौन्सिलचे २००८ चे नियम म्हणतात की निवासी नसलेल्या लॉ कॉलेजचे वर्ग सकाळी आठ ते संध्याकाळी सात यातच भरवायचे. हजेरी ७० टक्के. रात्रशाळेचा वकील संपला. आमची पहिली पाळी सात ते तीन, दुसरी तीन ते अकरा, तिसरी अकरा ते सात. कायम तिसरी पाळी मागून घेतली तर सातला सुटून आठला वर्गात बसता येईल. रिंग फ्रेमवर आठ तास चालून, कानात ती घरघर घेऊन, कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या तासाला. झोपायचं कधी ते बार कौन्सिलने लिहिलेलं नाही.

आणखी एक. दहावी-बारावी न करता मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा देऊन बीए झालेली माणसं आमच्या खात्यात आहेत. कापसाचा भुगा अंगावर घेऊन, डबा खायच्या सुट्टीत पुस्तक वाचून झालेली बीए. त्यांना एलएलबी करता येत नाही. बार कौन्सिलच्या पाचव्या नियमाखाली तसं स्पष्टीकरण आहे. खालची पायरी नसताना थेट मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल तर कायद्याला पात्र नाही. बारावी होऊन मग मुक्त विद्यापीठाची बीए केली असेल तर चालते. म्हणून जो कामगार आज मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरतोय आणि ज्याच्या मनात कायदा आहे, त्याने आधी बारावी करावी, सतरा नंबरचा फॉर्म भरून का होईना. हा एक उशीर मात्र घ्यावा, कारण तो घेतला नाही तर पुढचं दारच नाही. बघा गंमत. ज्याच्याकडे पदवीची संधी चालून आलीय तो ती अडवून बसलाय, आणि ज्याने रक्त आटवून मिळवली त्याची पदवी दारातून परत पाठवतात. या नियमावर मोर्चा निघालेला मी पाहिला नाही. पुतळ्याच्या चौथऱ्याची उंची वाढवायला निघालेला पाहिला.

थोडी बरी बातमीही सांगतो. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वकिलाची सनद घेताना राज्याच्या बार कौन्सिलांनी कायद्यात लिहिलेल्या फीवर एक पैसा जास्त घ्यायचा नाही. खुल्या वर्गाला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातीला १२५. त्याआधी ठिकठिकाणी हजारांत मोजायला लागायचे आणि आपली पोरं एलएलबी होऊनही सनदीवाचून बसायची. तेव्हा सनदीला पैसे नाहीत म्हणून थांबलेल्यांनी आता थांबू नये.

उरला प्रश्न त्या एका वर्षाचा. पदवी झाल्यावरचं वर्ष, सीईटीच्या तयारीचं. वसतिगृहाची कॉट गेली, शिष्यवृत्ती संपली, घरी एका खोलीत सात माणसं. पोरं पदवी अडवून धरतात त्यामागे अमेरिकेचा सल्ला थोडा आणि ही कॉट जास्त, हे मला कळतं. पदवी झाली की ते रस्त्यावर येतात, म्हणून पदवी होऊ देत नाहीत. यात पोरांपेक्षा आपला सगळ्यांचा दोष मोठा. आपल्याकडे विहारं आहेत, समाजमंदिरं आहेत. संध्याकाळची वंदना झाली की कुलूप लागतं ते दुसऱ्या संध्याकाळपर्यंत. आत पंखा, दिवा, सतरंजी सगळं आहे. एका विहारात चार पोरं वर्षभर झोपली, वाचली, तर बुद्ध काही उठून जाणार नाही. दोन वेळच्या जेवणाचं म्हणाल तर एका रात्रीच्या डीजेचं बिल बघा आणि भागाकार करा.

आमच्या पाळीतल्या नऊ जणांनी दर पगाराला शंभर-शंभर काढायला सुरुवात केली आहे. फार नाही, परीक्षेच्या फॉर्माचे आणि सीईटीचे पैसे निघतात. कुणाच्या नावाची पावती नाही, बॅनर नाही. स्टेन्सिलची जागा संपत आली म्हणून एवढंच लिहितो. ज्याने विषय ठेवलाय त्याने येत्या हिवाळी परीक्षेचा फॉर्म भरावा. पैसे नसतील तर सकाळी सातला, तिसरी पाळी सुटते तेव्हा, गेटवर यावं. येताना हॉल तिकिटाची झेरॉक्स आणावी. नेत्याचं पत्र आणू नये.